मूषकाची कवटी काय सांगते?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल याच ठिकाणी संतवाङ्मयावर सुंदर व्याख्यान झालं, उद्या नाट्यगीतं आहेत. मधल्या दिवशी मी उंदरांच्या कवट्या घेऊन उभा आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषय कळल्यावर कार्यवाहांनी जरा चाचरतच विचारलं होतं, "काका, बाप्पाच्या उत्सवात कवट्या?" मी म्हटलं, "अहो, त्याच्याच वाहनाच्या आहेत." कवट्या स्वच्छ धुऊन, वाळवून काचेच्या डब्यांत ठेवल्या आहेत. भाषण संपल्यावर मुलांनी भिंगातून जरूर पाहाव्यात.

हा विषय निवडायला एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गोदामात जे झालं ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मखराचं कापड कुरतडलं गेलं, सतरंज्यांना भोकं पडली, महाप्रसादाच्या तांदळाची दोन पोती फुटली. त्या प्रकरणात माझी एक चूक झाली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आज सांगणार आहे. पण ती नीट कळण्यासाठी आधी उंदराच्या तोंडात डोकवावं लागेल.

आपण 'मूषक' म्हणतो. संस्कृतात 'मूष्', लॅटिनमध्ये 'मुस', इंग्रजीत 'माउस'. हे सगळे एकाच मुळातले शब्द आहेत. १७५८ साली लिनियसने प्राण्यांची शास्त्रीय नावं ठरवली तेव्हा उंदराला 'मुस' हेच नाव दिलं. म्हणजे बाप्पाच्या वाहनाचं नाव शास्त्राच्या वहीत पहिल्यापासून आहे. मात्र त्या वेळी लिनियसने उंदीर, खार, साळिंदर आणि ससा यांच्या गटात चक्क गेंडाही बसवला होता! एवढा मोठा माणूस, पण त्याचीही अशी गत झाली. तेव्हा आपण चुकलो तर फार लाजायला नको, चूक सुधारली म्हणजे झालं.

कुरतडणाऱ्या प्राण्यांना शास्त्रात कृंतक म्हणतात. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती कृंतकांच्या आहेत. दोन हजारांहून जास्त जाती, आणि त्यांतल्या बऱ्याच दिसायला तपकिरी, कानवाल्या, लांब शेपटीच्या. मग त्या वेगळ्या ओळखायच्या कशा? कातडीवरून अंदाज येतो, खात्री होते ती कवटीवरून.

आता पहिला डबा पाहू. यात दोन कवट्या आहेत. एक उंदराची, दुसरी चिचुंद्रीची. इथले बंगाली शेजारी चिचुंद्रीला छुँचो म्हणतात. घरात दोन्ही भिंतीच्या कडेने पळतात आणि आपण दोघांनाही झाडूने हाणतो. पण चिचुंद्री उंदीर नव्हेच. उंदराला वर पटाशीचे दोनच दात असतात, ते जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या बाजूलाच कठीण एनॅमलचा थर असतो. मागची बाजू मऊ असल्यामुळे लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. त्यामागे मोठी मोकळी जागा, सुळे नाहीत, आणि मग दाढा. त्या मोकळ्या जागेत ओठ आत घेऊन उंदीर तोंड बंद करू शकतो, त्यामुळे लाकूड कुरतडताना भुसा पोटात जात नाही. चिचुंद्रीच्या तोंडात अशी मोकळी जागा नाही. बारीक टोकदार दातांची सलग ओळ आहे, कारण ती किडे खाते. शिवाय गालाच्या हाडाची कमान तिला नाहीच. एकदा हे पाहिलं की पुन्हा गल्लत होत नाही.

दुसऱ्या डब्यात खार, साळिंदर आणि उंदीर आहेत. तिन्ही कृंतक. १८५५ साली सेंट पीटर्सबर्गच्या ब्रांट नावाच्या शास्त्रज्ञाने कृंतकांचे तीन गट केले, ते चावण्याच्या स्नायूवरून. जेवताना गालावर बोट ठेवलंत तर जो स्नायू टणक लागतो तोच हा. डोळ्याच्या पुढे कवटीला एक छिद्र असतं. खारीचं छिद्र अगदी लहान, आणि तिचा स्नायू बाहेरून नाकाडाच्या बाजूला चढतो. साळिंदराचं छिद्र एवढं मोठं की त्यातून स्नायूचा आतला भागच पुढे जातो. उंदराच्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत. त्याचं छिद्र वर रुंद आणि खाली चिंचोळं, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं. पुढे १८९९ साली स्वीडनच्या टुलबर्गने खालच्या जबड्याच्या ठेवणीवरून दोन मोठे गट केले. हातात फक्त कोरडं हाड, पण प्राणी कसा चावत होता ते त्यावरून कळतं.

आता टाळ्याकडे येतो. टाळा म्हणजे लहान बाळाची टाळू नव्हे. जीभ जिथे लावतो तो तोंडाचा वरचा भाग. कवटी उलटी धरली की तो दिसतो. पटाशीच्या दातांमागे त्यात दोन फटी असतात. नाक आणि तोंड यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या त्यांतून जातात. खारीच्या फटी आखूड असतात, दातांच्या जवळच संपतात. उंदराच्या लांब असतात, पहिल्या दाढेपर्यंत पोचतात. सशाच्या तर इतक्या मोठ्या की टाळ्याचं हाड म्हणजे दोन बाजूंना जोडणारा एक अरुंद पूल उरतो. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन छोटे दातही लपलेले असतात. या आणि अशा फरकांमुळेच १९१२ साली ससा कृंतकांतून काढून त्याचा वेगळा गण करण्यात आला. शेकडो वर्षं एका पंक्तीत बसलेले वेगळे झाले.

तुम्ही म्हणाल, काका, दोन फटींची लांबी मोजून कुणाचं काय भलं झालं? एक उदाहरण देतो. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेशाकडे जमिनीत बिळं करणाऱ्या दोन प्रकारच्या घुशी आहेत. दोन्ही जाडजूड, दोन्हींच्या दाढांवर आडव्या पट्ट्या. कवटी उलटी केली की फटी पाहाव्यात. नेहमीच्या घुशीच्या फटी लांब, आखूड शेपटीच्या घुशीच्या अगदी तोकड्या. दोघींची शास्त्रीय वंशनावंही वेगळी आहेत. नेहमीच्या घुशीच्या वंशाचं नाव 'बॅन्डिकोटा'. ते आलं आहे तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' या शब्दावरून, म्हणजे डुक्करउंदीर. आपले हैदराबादचे पाहुणे इथे बसले आहेत, ते हसताहेत म्हणजे शब्द बरोबर आहे.

केसांचा रंग, शेपटीचा झुपका या गोष्टी फसवतात. घरातला एकच काळा उंदीर एका गावी पांढऱ्या पोटाचा, दुसऱ्या गावी काळपट पोटाचा असतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागात एक काटेरी केसांचा प्राणी आहे, मिरी खातो. शेपटी झुपकेदार, म्हणून १८५९ साली त्याचं वर्णन झालं तेव्हापासून पुष्कळ काळ त्याला युरोपातल्या डॉरमाउसचा भाऊ समजत. पण डॉरमाउसला बाजूला चार-चार दाढा आहेत, याला उंदरासारख्या तीनच. आज तो उंदरांच्या बाजूला, स्वतःच्या वेगळ्या कुळात आहे. इंग्रजी नावात मात्र 'डॉरमाउस' अजून चिकटलेलं आहे.

म्हणूनच १९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली तेव्हा कातडं आणि कवटी दोन्ही जपून ठेवली जात. पहिला अहवाल आपल्या खानदेशचा होता. आपल्या कलकत्त्याशीही या विषयाचा एक मजेदार संबंध आहे. इथल्या बंदरात पूर्वी एलरमन कंपनीच्या 'सिटी लाइन'ची जहाजं येत. त्या कंपनीचे वारस सर जॉन एलरमन हे इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. या गृहस्थांनी आयुष्य कशात घालवलं? उंदरांच्या कवट्यांत! भारतातल्या कृंतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९६१ साली निघाला. नोकरीतली माझी चौतीस वर्षं तो टेबलावर उघडा असे.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या शास्त्रज्ञांनी पुण्याजवळच्या सिंहगडाच्या पठारावरच्या एका उंदराला नवी जात म्हणून नाव दिलं. नाव काय ठेवलं? 'कोंढाणा'. तानाजीचा गड आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला. पण तिथे जगात दुर्मीळ असलेला एक उंदीर राहतो हे कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं उदाहरण लाओस देशातलं. तिथल्या एका बाजारात १९९६ साली मांस म्हणून विकायला ठेवलेला एक प्राणी अभ्यासकांच्या नजरेस पडला. दिसायला उंदीर आणि खार यांच्या मधला. पुढे त्याच्या जातीची हाडं घुबडाने ओकलेल्या गोळीतही मिळाली. २००५ साली त्याला नाव मिळालं, आणि २००६ साली कवटी-दात पाहून ठरलं की ज्या कुळाचा शेवटचा प्राणी १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी संपला असं मानत, त्याच कुळातला हा आहे. लाखो वर्षांची हरवलेली शाखा बाजारातल्या टोपलीत सापडली.

घुबडाची गोळी मुद्दाम सांगितली, कारण आता आपल्या गोदामाकडे वळायचं आहे.

त्या वर्षी श्रावणात गोदाम उघडलं तेव्हा नासधूस दिसली. तेव्हाच्या कार्यवाहांनी मला फोन केला. "काका, तुम्ही यातले जाणकार. काय करू?" मी विचारलं, "केवढे आहेत?" ते म्हणाले, "मध्यम आहेत, काळपट आहेत." मी खुर्चीतून न उठता सांगितलं, "घरातले काळे उंदीर असणार. माळ्यावर, तुळयांवर राहतात. वरच्या बाजूला विषाच्या वड्या ठेवा." आयुष्यभर मी पोरांना शिकवलं होतं, कवटी पाहिल्याशिवाय नाव सांगू नका. आणि स्वतः फोनवर नाव सांगून मोकळा झालो.

वड्या ठेवल्या. या विषाने उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठेनासं होतं, चार-पाच दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो. काही उंदीर मेलेही. पण पोती फुटायची थांबली नाहीत. विसर्जनानंतर सामान आत ठेवताना आम्ही पुन्हा वड्या ठेवल्या, आधीपेक्षा जास्त.

आपल्या इमारतीच्या जिन्यावरच्या पडक्या खोलीत गव्हाणी घुबडांची जोडी होती. पांढऱ्या, हृदयाच्या आकाराच्या चेहऱ्याची. इथे त्याला लक्ष्मीपेंचा म्हणतात, लक्ष्मीचं वाहन. कोजागरीला आपण दूध आटवतो, त्याच रात्री बंगाल्यांच्या घरी लक्ष्मीपूजा असते. त्या कोजागरीच्या आदल्या आठवड्यात त्यातलं एक घुबड आपल्या अंगणात मरून पडलं. समोरच्या घरातल्या बौदींनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त त्यावर एक जुनं धुतलेलं कापड घालून गेल्या. सुस्त झालेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि उंदराच्या अंगातलं विष घुबडाच्या अंगात जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ते वड्या ठेवण्याआधी आठवायला हवं होतं. दुसरं घुबड पुढे दिसलं नाही.

दोन दिवसांनी मी वर चढून त्या खोलीत गेलो. कोपऱ्यात गोळ्यांचा ढीग होता. घुबड शिकार गिळतं आणि न पचलेले केस व हाडं गोळी करून ओकून टाकतं. कवट्या पुष्कळदा अख्ख्या मिळतात. मी पिशवी भरून घरी आणल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, चिमट्याने सोडवल्या. सौभाग्यवतींनी त्या आठवड्यात स्वयंपाकघराची सीमा आखून दिली होती, तेही इथे सांगायला हवं.

काही चिचुंद्र्या होत्या, काही घरातले छोटे उंदीर. पण निम्म्याहून जास्त कवट्या घुशींच्या, त्यातही पिल्लांच्या. इथे एक खूण सांगतो. घुशीचं पिल्लू आणि घरातला मोठा उंदीर आकाराने सारखे दिसतात. कवटी वयाप्रमाणे वाढते, पण दाढांची ओळ एकदा आली की तेवढीच राहते. म्हणून लहान कवटीत मोठ्या दाढांची ओळ दिसली, दाढांवर आडव्या पट्ट्या दिसल्या, पटाशीचे दात रुंद दिसले, की ते घुशीचं पिल्लू. कार्यवाहांनी जे 'मध्यम, काळपट' पाहिले ते हेच होते.

आणि घूस तुळयांवर राहत नाही, जमिनीखाली राहते. बिळाचं तोंड मातीने बुजवते, आत धान्याचा साठा करते. घरचं कोठार भरलेलं असताना ती वरची वडी खायला कशाला येईल? आपल्या गोदामाची फरशी जुन्या विटांची. एक कोपरा उचलला तर खाली आपलाच महाप्रसादाचा तांदूळ निघाला. १९६८ साली स्पिलेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं कलकत्त्यातल्या घुशीवर एक पुस्तक निघालं होतं. ते माझ्या कपाटात होतं. मला फक्त उठून ते काढायचं होतं.

उपाय काय केला ते तुम्ही पाहताच आहात. फरशी उखडून काँक्रीट घातलं, दाराखाली पत्रा ठोकला, तांदूळ पत्र्याच्या पिंपात गेला. विषाची वडी तेव्हापासून आणलेली नाही. मागच्या वर्षी आणि यंदा मखर जसं ठेवलं तसं निघालं.

आता तरुण मंडळी विचारतील, काका, हल्ली डीएनए आहे, कवट्या कशाला? डीएनएमुळे आमच्या बऱ्याच चुका सुधारल्या हे खरं. स्नायूची तीच रचना वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आली असं दिसून आलं. म्हणून २००५ सालच्या मांडणीत ब्रांटच्या तीन गटांऐवजी पाच उपगण आहेत. बीव्हरची कवटी खारीसारखी, पण नातं उंदरांशी जवळचं निघालं. उलटही घडलं आहे. १९९६ साली 'नेचर'मध्ये डीएनएच्या आधारावर लेख आला की गिनीपिग हा कृंतकच नव्हे! कवटीवाल्यांनी मान हलवली. पुढे जास्त जाती आणि जास्त जनुकं तपासली तेव्हा गिनीपिग कृंतकांतच परत आला. दोघांनी एकमेकांचा हिशेब तपासायचा असतो. आणि गोदामाच्या दारात उभं असताना आपल्या खिशात भिंगच असतं, प्रयोगशाळा नसते.

कुमारटोलीत मूर्ती घडवणारे आपल्या बाप्पापाशी एक छोटासा उंदीर बसवतात. मुलं मला विचारतात, आजोबा, हा कुठल्या जातीचा? मी सांगतो, तोंड उघडून दाखव म्हणावं, मग सांगतो.

जिन्यावरच्या खोलीत आम्ही गेल्या वर्षी एक लाकडी पेटी ठोकली आहे, घुबडासाठी. खर्च माझा, सुतारकाम आपल्या युवक मंडळाचं. पेटी अजून रिकामी आहे. रात्री येता-जाता वर बॅटरी मारू नका आणि खोलीला कुलूप लावू नका, एवढीच विनंती. आणि गोदामात पुन्हा काही कुरतडलेलं दिसलं तर मला फोन करू नका. घरी येऊन मला उठवून घेऊन चला.

 डबे टेबलावर ठेवतो. कवटी उलटी करून पाहायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!